अक्कांची वसुली

आमच्या गावात कुणाच्या घरचा चहा चांगला, हे ओळखणं फार सोपं होतं. अक्का ज्या ओट्यावर बसून चहा पीत असतील, ते घर. आणि अक्का ज्या घरचा चहा नाकारतील, त्या घराची घरपट्टी थकलेली आहे असं समजायचं. हे सगळ्या गल्लीला कळावं अशी व्यवस्था त्या स्वतःच करायच्या. नाकारायच्या त्या रस्त्यावरूनच, मोठ्यानं. "नगं गं बाई, तुजा चहा आता मला पचायचा न्हाई. पट्टी भर, मग पिऊ." आणि शेजारी जाऊन पहिला घोट घेतल्या घेतल्या, "वा! चहा म्हणावं तर ह्याला!" हेही तेवढ्याच मोठ्यानं. खरं म्हणजे चहा दोन्हीकडे सारखाच पाणचट असायचा. मी दोन्हीकडचा प्यालोय.

अक्का आमच्या नगरपंचायतीत वसुली लिपिक होत्या. मी तिथंच संगणक चालक, म्हणजे ऑपरेटर. तोही एजन्सीमार्फत, कंत्राटावर. गाव लातूर आणि नांदेडच्या मध्ये, थोडं कर्नाटकाकडे कललेलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर वाचणारा आधी वेबसाइट उघडून तिथल्या लोकांची थकबाकी बघत बसेल. ही खोड माणसाला कशी लागते ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ती आमच्या गावाला कुणी लावली तेच तर सांगायचंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून टाकतो. मला अक्कांचा हेवा वाटायचा. लोक त्यांच्याबद्दल बोलताना आदर, जिव्हाळा असले शब्द वापरतात, वापरोत बापडे. माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं.

दिसायला त्यांच्यात हेवा करण्यासारखं काही नव्हतं. ठेंगणा, भरलेला बांधा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि डोक्यावर पुरुषांची काळी छत्री. ही छत्री हिवाळ्यातसुद्धा उघडलेली. ऊन नाही, पाऊस नाही, मग छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "लांबून दिसावी म्हणून. ज्याला लपायचंय त्याला लपायला येळ नगं का? एकदम दारात जाऊन हुबं राहिलं की माणसाची इज्जत जाती. अन् इज्जत गेलेला माणूस पैसे देत नसतो गा."

आणि खरंच, छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की दोन-चार दारं लागायची. अक्का त्या दारांकडे बघायच्याही नाहीत. थकबाकीदाराच्या दारात त्या कधीच जायच्या नाहीत. बसायच्या त्याच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर. पाय पसरून, पिशवी मांडीवर घेऊन, आणि मग सुरू. "मला काय करायचंय म्हणा, पण..." हे वाक्य आलं की समजावं, आता कुणाची तरी सालं निघणार. "मला काय करायचंय म्हणा, पण पलीकडच्या मास्तरनी सगळी पट्टी भरली. हाव, मागचीबी. पगार तो केवढा, पण माणूस लई सरळ." लागलेल्या दाराच्या आत बसलेला किराणा दुकानदार हे सगळं ऐकत असायचा. मास्तर भरतो आणि मी भरत नाही, हे त्याच्याच्यानं सहन व्हायचं नाही. संध्याकाळच्या आत तो ऑफिसात हजर.

गंमत म्हणजे अक्कांची माहिती निम्मी चुकीची असायची. त्या मास्तरांनी पट्टी भरलेलीच नव्हती. गल्लीतल्या बायका मास्तरीण बाईंचं कौतुक करायला लागल्या तेव्हा बिचारे मास्तर घाबरून सायकलवर ऑफिसात आले आणि सगळी बाकी भरून गेले. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही गल्लीत चुकीचं सांगितलं होतं." त्या पावतीपुस्तक पिशवीत कोंबत म्हणाल्या, "आता बरोबर झालं की."

अशा बाईला गाव डोक्यावर घेऊन नाचतं आणि माझं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं, याला काय म्हणायचं? मी रेणापूरचा. लातूरला राहून कॉम्प्युटरची पदवी घेतली. मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग येतं. गावातल्या प्रत्येक घराची नोंद संगणकात चढवली ती मी, ह्या दोन हातांनी. तरी लोकांच्या लेखी मी "ओ ऑपरेटर". अक्कांना मात्र प्रत्येक लग्नाचं आमंत्रण हळद लावून हातात. हरभऱ्याची जुडी, नव्या तुरीची डाळ, लोणच्याच्या कैऱ्या, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. त्यांच्या टेबलाचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा, एवढाच माझा वाटा.

हे सगळं ऑफिसापुरतं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण माझी बायको. लग्न होऊन ती गावात आली तेव्हा तिची कुणाशी ओळख नव्हती, दिवसभर एकटी असायची. मला वाटायचं, संध्याकाळी मी आलो की तिला किती बरं वाटत असेल. एके दिवशी घरी गेलो तर अक्का आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिला ज्वारीच्या पिठात पाणी किती घालायचं ते शिकवत होत्या. त्यानंतर जेवताना मला रोज ऐकावं लागायचं. अक्का म्हणत होत्या शेंगदाण्याची चटणी उखळातच कुटावी. अक्का म्हणत होत्या तुमचा चेहरा कायम आंबट का असतो. मी म्हणालो, "असतोच माझा चेहरा असा." ती म्हणाली, "हेच म्हणाल असंही त्या म्हणत होत्या."

आणि ती येळवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्याकडे त्या अमावास्येला गाव ओस पडतं. जो तो शेतात जातो, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन, आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. अक्कांना शेत नव्हतं, पण बोलावणी इतकी की कुणाकडे आधी जायचं याचीच तकरार. मला एकाचंही बोलावणं नव्हतं. शेवटी बायकोला अक्कांनी सोबत घेतलं आणि बायकोनं मला. शेताच्या मालकानं पंगतीत माझी ओळख करून दिली, "हे अक्कांसंगं आलेत." मी आंबिलीचं मडकं तोंडाला लावलं.

मग ऑनलाइन आलं.

वरून आदेश आला, घरपट्टी आणि नळपट्टी लोकांनी मोबाईलवरून भरली पाहिजे. मला मनातून केवढा आनंद झाला! वाटलं, आला आपला दिवस. आता छत्री, ओटा, चहा, सगळं गुंडाळून ठेवायची वेळ झाली. आता वसुली माझ्या मशीनमधून होणार. मी बॅनर केला. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मांडव घातला, पडदा लावला, आणि गावाला समजावून सांगितलं: घरबसल्या भरा, रांग नको, चकरा नकोत, एका बटणावर काम. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक आडत व्यापारी तेवढा उठून म्हणाला, "साहेब, घरबसल्या भरली तर आम्ही भरली हे लोकान्ला दिसावं कसं?" मी म्हणालो, लोकांना दिसायची गरजच काय? तो खाली बसला. मांडवातून जाताना सगळ्यांनी चहा घेतला. पट्टी एकानंही भरली नाही.

आठवडे गेले. वेबसाइट उघडून मी बसून राहायचो; कुणी फिरकायचं नाही. मुख्याधिकारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "एजन्सी दिवाळीला आढावा घेणार आहे. ऑनलाइन चाललं नाही तर ते मशीनही नेतील आणि माणूसही. तुम्ही बघा काय होतं ते." मी काय बघणार? रेणापुरात थोरल्या भावाचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तिथं माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलंय असं वहिनी दर दिवाळीला सगळ्यांसमोर सांगते. एवढं शिकून त्या स्टुलावर बसायचं आणि युरियाच्या गोण्या मोजायच्या, या विचारानं माझी झोप उडाली.

त्याच दिवसांत एका दुपारी अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. मोबाईल त्यांना वापरता येत नव्हता. फोन वाजला की त्या तो शेजारच्याच्या हातात द्यायच्या. मशीनकडे मात्र वाकून बघत होत्या.

"काय गा, ह्याच्यात कुणाचंबी दिसतं का?"

"घराचा नंबर टाकला की दिसतं. नावानं शोधलं तरी दिसतं."

"कुणाचंबी?"

"कुणाचंही. पट्टी किती, बाकी किती, भरली की नाही."

"म्हंजी आडतवाल्याचं किराणावाला बघू शकतो अन् किराणावाल्याचं आडतवाला?"

"हो. त्यात काय?"

"अन् ह्ये तू त्या मांडवात सांगितलंस का?"

"ह्यात सांगण्यासारखं काय आहे, अक्का?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो शिवने! सांगण्यासारखं तेवढंच तर हाय."

दुसऱ्या दिवशी छत्री गावात फिरली. एकाही गल्लीत त्यांनी ऑनलाइन भरा असं म्हटलं नाही. त्या फक्त ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला काय करायचंय म्हणा, पण आता मोबाईलात सगळ्याचं सगळं दिसतंय. कुणाची किती बाकी, कुणाला किती पट्टी. आपलंबी दिसतंय बरं का."

झालं. त्या संध्याकाळी आमच्या गावात जो तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. आधी शेजाऱ्याचं बघायचं, मग चुलत भावाचं, मग व्याह्याचं. एवढ्या मोठ्या बंगल्याला पट्टी एवढीशी कशी? अन् हा उठता-बसता गावाला अक्कल शिकवतो, ह्याचीच बाकी? ज्यानं त्यानं दुसऱ्याचं बघून झालं की त्याच्या ध्यानात यायचं, दुसराही या क्षणी आपलं बघत असणार. मग घाईघाईनं स्वतःची बाकी भरून टाकायची. ऑफिसात येऊन भरली तर उद्या दिसणार. मोबाईलवरून भरली तर लगेच. लोक लगेचवाली भरायला लागले. ज्यांच्याकडे साधा फोन होता ते पोरीला, सुनेला बसवून भरू लागले. मी मांडव घालून जे करू शकलो नव्हतो ते त्या बाईनं दुसऱ्याच्या ओट्यावर बसून केलं. माझी नोकरी वाचली होती, मला हायसं वाटायला हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यातच त्या दोन भावांचं प्रकरण आलं. मोंढ्यात दोघांची दोन हार्डवेअरची दुकानं, राहायला एकाच भिंतीची दोन घरं, आणि मधे एक खोली. खोलीला स्वतंत्र नंबर, नावावर वारलेला बाप. खोलीत एक मोडकी बाज आणि कांद्याची पोती, एवढाच ऐवज. पण खोली कुणाची यावरून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्याकडे लोकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, की ज्यानं घरपट्टी भरली त्याचा घरावर हक्क. कायद्यात तसं काही नाही. पण ते कुणाला सांगता?

थोरल्यानं एक दिवस मोबाईलवरून त्या खोलीची सगळी बाकी भरून टाकली. धाकट्यानं दुकानात बसल्या बसल्या सहज बघितलं तर बाकी शून्य. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. गल्ला तसाच टाकून तो माझ्याकडे धावत आला.

"माज्या खोलीची पट्टी त्यानं भरली! माजीबी घ्या."

"अहो, आता बाकीच नाही तर घेऊ कशी?"

"मग फुडल्या वर्षाची घ्या."

आगाऊ रक्कम घ्यायची सोय मशीनमध्ये होती. त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून माझ्यासमोर भरली आणि छाती काढून गेला. थोरल्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं त्याच्या पुढच्या वर्षाची भरली. मग धाकट्यानं त्याच्याही पुढची. त्या कांद्याच्या खोलीनं जेवढी आगाऊ पट्टी दिली तेवढी गावातल्या एकाही बंगल्यानं दिली नाही. शेवटी दोघं एकाच वेळी माझ्या खिडकीपाशी आले आणि गचांड्या धरायच्या बेतात आले. मी नियम वाचून दाखवला: कर भरणं म्हणजे मालकी नव्हे. दोघंही पहिल्यांदा एकदिलानं माझ्यावर ओरडले, "तुमी कोन सांगणार? अक्का कुटं हायत?"

अक्का आल्या. दोघांकडे बघून म्हणाल्या, "खोली कुणाची ते कोर्ट बघंल. पर तुमच्या अप्पांच्या मागं त्यांच्या खोलीची पट्टी भरायला दोघंबी लेकरं धावायलीत, असं दुसरं घर दाखवा गावात मला." दोघांच्याही माना ताठ झाल्या. बोलले नाहीत एकमेकांशी, पण गेले एकाच रस्त्यानं. जाताना धाकटा मला म्हणाला, "अशी समज पायजे माणसाला." माझ्या हातात नियमाचं पुस्तक तसंच उघडं होतं.

गावाचं ऑनलाइन इतकं चाललं की लातूरहून बोलावणं आलं. मोठा हॉल, सगळ्या तालुक्यांतले अधिकारी, तुम्ही हे कसं केलंत ते सांगा म्हणून. मी जागून स्लाइड तयार केल्या. आलेख, रंगीत चौकटी, एकेका पडद्यावर एकेक मुद्दा. नवा शर्ट घेतला. बायको म्हणाली, आज तरी हसा. माझं नाव पुकारतील म्हणून मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो होतो, आणि आमचे साहेब माईकवर म्हणाले, "आमच्या अक्काच सांगतील."

अक्का छत्री घेऊन स्टेजवर गेल्या. माईकपासून हातभर लांब उभं राहून त्यांनी भावांची गोष्ट सांगितली, आणि मास्तरांची, आणि चहाची. हॉल हसून हसून लोटपोट. मधेच एक अधिकारी म्हणाले, मागं स्लाइड चालू ठेवा, बरं दिसतं. मग मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसून एकेक बटण दाबत राहिलो. अक्का "मला काय करायचंय म्हणा" म्हणत होत्या आणि त्यांच्या डोक्यामागं माझे आलेख येत-जात होते. एकानंही तिकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध अक्का, बाजूला साहेब, आणि कडेला माझं कोपर. बायकोनं तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी काढायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, तुमचं कोपर आलंय की."

परतीच्या गाडीत अक्का माझ्या शेजारी बसून घोरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. एवढ्या टाळ्या मिळालेल्या बाईच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण तरी असावी. म्हणजे आपल्याला निदान मनातल्या मनात दोन शिव्या घालता येतात. तीही नव्हती. दुसऱ्याचं बघून जळायचं कसं हे त्यांनी सगळ्या गावाला शिकवलं आणि स्वतःला मात्र त्याची झळ नाही. मला ते जास्त लागलं.

पण खरं दुखणं पुढंच होतं. सगळं गाव घरून भरायला लागलं, तशी माझी खिडकी रिकामी पडली. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं. मग एजन्सीचा मेल आला: आपल्याकडील नागरिक ऑनलाइन प्रणालीस सरावले असल्याने मार्चअखेर खिडकी बंद करावी, ऑपरेटरची आवश्यकता राहिलेली नाही. चाललं नाही तर मी जाणार होतो. चाललं, तर आता त्यासाठीही मीच जाणार. मी कुणाला बोललो नाही. फक्त बायकोला सांगितलं. तिनं रेणापूरचं नाव ऐकलं, ताटावरून उठली आणि पदर खोचून भांडी घासायला बसली. जेवण तसंच राहिलं.

दोन-तीन दिवसांनी अक्का एक छापील कागद घेऊन आल्या. थोरल्या हार्डवेअरवाल्याची ऑनलाइन पावती, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली. "ह्याच्यावर एक शिक्का मार गा. त्याला बरं वाटतं."

"याला शिक्का लागत नाही अक्का. खाली लिहिलंय, संगणकीय पावती आहे, सही-शिक्क्याची आवश्यकता नाही."

"असू दे की. एक मारून दे."

ड्रॉवरमध्ये एक जुना गोल शिक्का पडलेला होता. मधे नुसतं 'पाहिले' असं लिहिलेलं, भोवती नगरपंचायतीचं नाव. कशालाच उपयोगी नाही आणि कशालाच अपायकारक नाही. मी तो मारून दिला आणि विसरून गेलो.

दुपारी धाकटा आला. "माज्याबी पावतीवर मारा." मारला. दुसऱ्या दिवशी आडत व्यापारी, त्याच्या मागं किराणावाला, त्याच्या मागं ते मास्तर. सगळ्यांच्या हातात मोबाईलवर भरलेल्या पट्टीचे छापील कागद. मी पहिल्यांदा समजावून सांगितलं. खालची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. मास्तरांनीसुद्धा ती वाचली, मान डोलावली आणि कागद पुन्हा पुढं केला.

"लिहिलेलं असंल. पण अक्का म्हणल्या, हार्डवेअरवाल्याच्या पावतीवर गोल शिक्का हाय, तुमची कोरीच हाय."

महिनाअखेर माझ्या खिडकीपुढची रांग नगरपंचायतीच्या फाटकाबाहेर गेली. घरबसल्या भरायची आणि शिक्क्यासाठी ऑफिसात यायचं, अशी नवीच रीत गावानं काढली. साहेबांनी वरून, खिडकीतून रांग पाहिली. एजन्सीला उत्तर गेलं: नागरिकांची मोठी मागणी लक्षात घेता खिडकी व ऑपरेटर चालू ठेवावा. पुढं एजन्सी बदलली, दुसरी आली. तिनंही रांग पाहिली आणि मला ठेवून घेतलं.

साहेबांच्या त्या उत्तराची प्रत हातात पडली तसा मी तिरीमिरीत अक्कांना शोधत निघालो. माझी नोकरी जाणार हे बायकोनंच त्यांना सांगितलं होतं, दुसरं कोण सांगणार? त्या एका ओट्यावर बसून घरच्या बाईला शेंगा सोलू लागत होत्या.

"अक्का, त्या पावतीला शिक्का लागत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "पावतीला न्हाई लागत. तुला लागतो."

एवढंच. उपकार केल्याचा आव आणला असता तर मला भांडता आलं असतं. हसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी टरफलं बाजूला केली आणि त्या बाईला सांगायला लागल्या की मागच्या गल्लीतल्या कुणीतरी पट्टीही भरली आणि शिक्काही आणला. मी उन्हात उभा राहिलो. लोक लोकांच्या दागिन्यांचा, जमिनीचा हेवा करतात; मला ज्या बाईचा हेवा वाटत होता, तिच्याच जिवावर आता माझी भाकरी होती. याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

अक्का निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. उदगीरला लेकीकडे असतात. माझी बायको महिन्यातून एकदा फोन लावते. मी बाहेर जाऊन बसतो.

खिडकी रोज उघडतो. आजही उघडली. शाईचं पॅड कोरडं झालं होतं, त्यात दोन थेंब टाकले. रांगेत पहिला एक नवखा माणूस होता, नुकतंच घर घेतलेला. त्यानं आयुष्यात अक्कांना पाहिलेलं नाही. मोबाईलवर पट्टी भरून, कागद छापून, घडी न घालता घेऊन आला होता. मी शिक्का मारला. त्यानं कागद उजेडाकडे धरला, निरखून पाहिला.

"हा अक्कांचाच शिक्का ना?"

"हाव," मी म्हणालो. "पुढं सरका."